युद्धविरोधी चित्र कसं वाचायचं: वेरेशचागिनच्या कवट्यांच्या राशीपासून सुरुवात

युद्धविरोधी चित्रावर पहिल्यांदा लिहायला बसलेल्या माणसाची अडचण ठरलेली असते. चित्र बघताक्षणी पोटात गोळा येतो, ‘युद्ध वाईट असतं’ हे वाक्य लिहून होतं आणि पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. मग इंटरनेटवर प्रतीकांची यादी शोधली जाते. कावळा म्हणजे मृत्यू, वठलेलं झाड म्हणजे नाश, कवटी म्हणजे नश्वरता. यादी उतरवून झाली की लेख पूर्ण झाल्यासारखा वाटतो, पण चित्र होतं तिथेच राहिलेलं असतं.

ग्रंथालयातल्या आमच्या रसग्रहणाच्या गटात मी अशी चित्रं दाखवत आलो आहे. नव्याने येणारे कुठे अडखळतात हे आता चांगलं माहीत झालं आहे, म्हणून हा मार्ग लिहून ठेवतो. कला महाविद्यालयातले विद्यार्थी, वर्गात चित्र दाखवून बोलायचं असलेले शिक्षक आणि नुसतं स्वतःसाठी समजून घेऊ पाहणारे, अशा सगळ्यांना तो चालेल.

उदाहरणासाठी एकच चित्र घेतलं आहे. वासिली वेरेशचागिन या रशियन चित्रकाराने १८७१ मध्ये तैलरंगात रंगवलेलं ‘युद्धाचं दैवतीकरण’. उंची १२७ सेंटिमीटर, रुंदी १९७ सेंटिमीटर. मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीत ते आहे. पिकासोचं ‘गेर्निका’ जास्त प्रसिद्ध आहे, पण नवशिक्याचा अर्धा वेळ त्यातला घोडा कुठला आणि बैल कुठला हे शोधण्यातच जातो. वेरेशचागिनच्या चित्रात काय दिसतंय याबद्दल शंकाच नाही. त्यामुळे खरा प्रश्न लगेच हाती लागतो: ही हाडं कोणाची, आणि ती रंगवणारा माणूस तेव्हा कोणाच्या बाजूने उभा होता?

सुरुवातीला जवळ काय हवं

- चित्राची मिळेल तेवढी मोठी डिजिटल प्रत. मोबाइलवर चालेल, पण झूम केल्यावर एकेक कवटी वेगळी दिसली पाहिजे.
- चौकटीसकट काढलेला चित्राचा एक फोटो. याला पर्याय नाही, कारण पुढे एक अख्खी पायरी त्यावर आहे.
- मध्य आशियाचा नकाशा. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा आणि काशगर या पाच जागांवर खूण करून ठेवा.
- दोन रकाने पाडलेला कागद. एकावर ‘दिसतं’, दुसऱ्यावर ‘वाटतं’.
- वेरेशचागिनची आणखी तीन-चार चित्रं. कोणती, ते पुढे येईलच.

एक सूचना आत्ताच. वेरेशचागिनच्या या चित्रांना ‘तुर्केस्तान मालिका’ म्हणतात. हा तुर्केस्तान म्हणजे मध्य आशियाचा प्रदेश, आजचा उझबेकिस्तान आणि त्याच्या आसपासचा भाग. मराठीत आपण तुर्कीला तुर्कस्तान म्हणत आलो आहोत, आणि त्यात याच चित्रकाराने १८७७-७८ च्या रशिया-तुर्की युद्धावरही चित्रांची स्वतंत्र मालिका केली. दोन्हींची सरमिसळ छापील लेखांतसुद्धा दिसते. नकाशा समोर असेल तर तुमची होणार नाही.

पायरी १: अर्थ न लावता बघा

दहा मिनिटं फक्त ‘दिसतं’ हा रकाना भरा. पिवळी, कोरडी जमीन. मधोमध कवट्यांची रास, खाली रुंद आणि वर निमुळती. काही कवट्यांचे जबडे उघडे. डोळ्यांच्या खोबणी वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या, काही थेट आपल्याकडे. राशीवर आणि भोवती कावळे, काही उडताना. पानं नसलेली, वठलेली झाडं. मागे पडझड झालेल्या शहराच्या भिंती आणि दूरवर डोंगर. वर स्वच्छ निळं आकाश.

मग त्याच रकान्यात खाली रेघ मारून काय नाही तेही लिहा. ही नोंद बहुतेक जण गाळतात, आणि या चित्रात तीच सगळ्यात मोलाची आहे. जिवंत माणूस नाही. शस्त्र नाही. झेंडा नाही. रक्त नाही. धडं नाहीत, फक्त डोकी आहेत. आपोआप मेलेल्या माणसांची डोकी अशी एका जागी येत नाहीत. कोणीतरी ती गोळा केली, वाहून आणली, एकावर एक रचली. कोणीतरी मेहनत घेतली आहे. तो ‘कोणीतरी’ चित्रात कुठेच नाही.

आता झूम करा आणि राशीच्या पुढच्या भागातल्या कवट्या एकेक करून बघा. वेरेशचागिनने एक कवटी रंगवून तिच्या शंभर नकला केलेल्या नाहीत. प्रत्येकीचा कल वेगळा, प्रकाश वेगळा, दात वेगळे. काहींवर तलवारीच्या घावाच्या खाचा आहेत. एवढ्या मोठ्या ढिगातही चित्रकाराने माणसं वेगवेगळी ठेवली आहेत. या नोंदीकडे आपल्याला सातव्या पायरीत परत यायचं आहे, तेव्हा ती अधोरेखित करून ठेवा.

पायरी २: मांडणी तपासा

‘दैवतीकरण’, म्हणजे माणसाला देवपदाला चढवणं, अशा शीर्षकाची चित्रं युरोपात आधीपासून होती. राजा किंवा सेनापती ढगांवर आरूढ झालेला, देवदूत त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवतायत, खाली प्रजा हात जोडून उभी. रचना बहुतेक त्रिकोणी, आणि त्रिकोणाच्या टोकाला तो विजेता. वेरेशचागिनने तो त्रिकोण तसाच ठेवला. टोकावरचा माणूस काढून टाकला आणि पायथा ज्याचा असतो ते दाखवलं. ही तुलना ठाऊक नसेल तर चित्र निव्वळ भीषण वाटतं. ठाऊक असेल तर कळतं की तो एका दरबारी चित्रप्रकाराला उत्तर देतो आहे.

रंगांबद्दल एवढंच लिहा की प्रकाश भर दुपारचा आहे. काळोख, धूर, वादळ असं काहीही नाही. भीती वाटावी म्हणून वापरायची हुकमी साधनं चित्रकाराने टाळली आहेत.

पायरी ३: प्रतीकं वाचा, पण आपल्या अंगणातली त्यात मिसळू नका

मराठी वाचकासाठी इथे एक खास सापळा आहे, आणि तो कावळ्याचा आहे. आपल्याकडे कावळा म्हटलं की दहाव्याचा घाट आठवतो. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा पुरी झाली, त्याला गती मिळाली. गटात हे चित्र दाखवलं की कोणी ना कोणी हमखास म्हणतं, ‘म्हणजे आत्म्यांना शांती मिळते आहे.’ भावना खरी आहे, पण ती चित्रातली नाही. रशियन लोकगीतांत आणि रणांगणाच्या वर्णनांत कावळा येतो तो प्रेतं खायला. वेरेशचागिनच्याच ‘विसरलेला’ या चित्रात रणावर मागे राहिलेल्या रशियन सैनिकाच्या प्रेतावर पक्षी उतरत होते. त्याचा कावळा हा होता.

तरीही आपला दहाव्याचा संदर्भ वाया जात नाही. तो ‘वाटतं’ या रकान्यात लिहा आणि त्यातून प्रश्न काढा: या मेलेल्यांसाठी पिंड ठेवणारं कोणी उरलं आहे का? मागचं शहर ओस पडलेलं आहे, म्हणजे नाही. चित्रकाराला जे म्हणायचं होतं आणि तुम्हाला जे आठवलं, ही दोन खाती वेगळी ठेवली तर दोन्ही कामाला येतात. एकत्र केलीत तर लेख कोसळतो.

कावळ्यांबद्दल अजून एक गोष्ट. कवट्या उन्हाने पांढऱ्या पडल्या आहेत, त्यांच्यावर मांस उरलेलं नाही. तरी पक्षी घोटाळतायत. खायला काही नसताना ते का आले आहेत, याचं उत्तर चित्र देत नाही. माझं वाचन असं की इथे हे नेहमीच घडतं हे त्या पक्ष्यांना माहीत आहे आणि ते पुढच्या खेपेची वाट बघतायत. तुम्हाला वेगळं वाटलं तर वेगळं लिहा, फक्त ते चित्रातल्या दिसणाऱ्या गोष्टीवर टेकलेलं असू द्या.

झाडं आणि शहर लवकर उरका. दोन्ही सांगतात की हा नाश एका दिवसाचा नाही, जमीनच मेली आहे.

राहिली ती रास. तैमूरने अशा राशी रचल्याच्या नोंदी आहेत, १३८७ मध्ये इस्फहानला आणि १४०१ मध्ये बगदादला. या चित्राची कल्पनाही सुरुवातीला तैमूरशी जोडलेली होती. पण वेरेशचागिनला तैमूरइतकं मागे जायची गरज नव्हती. चित्राच्या जेमतेम चौदा वर्षं आधी, १८५७ मध्ये, काशगरची सत्ता बळकावलेल्या वली खानाने तिथे अशाच राशी रचल्या होत्या. अॅडॉल्फ श्लागिनट्वाइट या जर्मन संशोधकाचा शिरच्छेद त्यानेच करवला. हा अॅडॉल्फ आपल्या भावांबरोबर ईस्ट इंडिया कंपनीच्या कामासाठी १८५४ मध्ये मुंबईला उतरला होता आणि हिमालय ओलांडून तिकडे गेला होता. काशगर नकाशावर जितकं लांब वाटतं तितकं ते त्या काळच्या मुंबईपासून लांब नव्हतं.

पायरी ४: चौकट वाचा

या चित्राच्या चौकटीवर रशियन भाषेत एक ओळ आहे. तिचा आशय असा: होऊन गेलेल्या, आज असलेल्या आणि पुढे होणाऱ्या सर्व महान विजेत्यांना अर्पण.

पुस्तकांत आणि वेबसाइटवर चित्र छापताना चौकट कापली जाते, आणि चौकटीबरोबर चित्राचा निम्मा अर्थही जातो. ओळ नसेल तर हे एका प्राचीन, दूरदेशीच्या क्रौर्याचं चित्र उरतं. ओळ असेल तर ‘आज असलेल्या’ या शब्दांपाशी थांबावं लागतं. १८७१ मध्ये मध्य आशियात आज असलेला विजेता कोण होता? रशिया. ताश्कंद १८६५ मध्ये पडलं होतं, समरकंद १८६८ मध्ये.

म्हणून नियम करून टाका: कोणत्याही युद्धविरोधी चित्राचं शीर्षक, चौकट, अर्पण आणि ते पहिल्यांदा कुठे टांगलं गेलं, या चार गोष्टी तपासल्याशिवाय प्रतीकांना हात घालायचा नाही. मी इथे ही पायरी चौथी ठेवली ती बघण्याचा पहिला परिणाम निसटू नये म्हणून. दुसऱ्या चित्राला ती दुसरी केलीत तरी हरकत नाही.

पायरी ५: चित्रकार कुठे उभा होता ते शोधा

इथपासून नीतीचा भाग सुरू होतो, आणि इथेच बहुतेक लेख ‘चित्रकार शांततावादी होता’ असं म्हणून मोकळे होतात.

वेरेशचागिन १८४२ मध्ये जन्मला. नौदलाच्या शाळेत शिकला, नोकरी न करता चित्रकलेकडे वळला, पुढे पॅरिसला जेरोम या फ्रेंच चित्रकाराकडे शिकला. १८६७ मध्ये तो तुर्केस्तानात गेला तो तिथला रशियन गव्हर्नर-जनरल कोन्स्तान्तिन काउफमन याच्या सेवेत, चित्रकार म्हणून. १८६८ च्या जूनमध्ये समरकंदच्या किल्ल्यात मागे ठेवलेल्या लहानशा रशियन तुकडीला वेढा पडला. वेरेशचागिन त्या वेढ्यात होता आणि बंदूक घेऊन लढला. त्याबद्दल त्याला सेंट जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. काउफमन फौज घेऊन परत आला तेव्हा वेढा उठला, आणि शहराला शिक्षा म्हणून तिथला बाजार पेटवण्यात आला.

म्हणजे हा माणूस युद्ध लांबून बघणारा नव्हता, आणि तटस्थही नव्हता. जिंकणाऱ्या फौजेच्या खर्चाने तो तिथे गेला, तिच्या बाजूने लढला, आणि मग म्युनिकला बसून त्याने हे चित्र रंगवलं.

यावर नव्या लोकांच्या दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. एक: ‘मग तो ढोंगी.’ दुसरी: ‘पश्चात्ताप झाला म्हणून तर रंगवलं.’ दोन्ही टाळा. त्याच्या मनात काय होतं हे तुम्हाला चित्रातून सिद्ध करता येणार नाही. त्याने काय केलं ते मात्र सांगता येतं. १८७४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ही मालिका मांडली गेली तेव्हा रशियन सैन्याची बदनामी केल्याचा आरोप त्याच्यावर झाला. आरोप करणाऱ्यांत खुद्द काउफमन होता. वेरेशचागिनने आपली तीन चित्रं जाळून टाकली. ‘विसरलेला’ त्यांतलंच एक.

इथे क्षणभर थांबा. आक्षेप कशावर होता? मेलेल्या, टाकून दिलेल्या रशियन सैनिकावर. कवट्यांची रास राहिली, रशियन सैनिकाचं प्रेत गेलं. कोणाची हाडं दाखवलेली चालतात आणि कोणाची चालत नाहीत, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. मालिकेतलं उरलेलं सगळं त्याच वर्षी मॉस्कोचा चित्रसंग्राहक पावेल त्रेत्याकोव याने विकत घेतलं, म्हणून आज ते बघता येतं.

आता नकाशावरचं खिवा बघा. चित्र पूर्ण झाल्यावर दोन वर्षांनी, १८७३ मध्ये, काउफमनने खिवा जिंकलं आणि योमूद तुर्कमेन लोकांवर सैन्य सोडलं. तिथे कत्तल झाली. चौकटीवरचे ‘पुढे होणाऱ्या’ हे शब्द लागू पडायला फार वाट बघावी लागली नाही.

पायरी ६: चित्र त्याच्या मालिकेत परत ठेवा

‘युद्धाचं दैवतीकरण’ हे सुटं चित्र नाही. वेरेशचागिनने काही चित्रांची एक साखळी केली होती आणि तिला नाव दिलं होतं ‘रानटी’. त्यात स्थानिक योद्धे रशियन सैनिकांवर दबा धरून हल्ला करतात, त्यांची मुंडकी कापून अमिराला नजर करतात, चौकात खांबांवर टांगून विजय साजरा करतात. कवट्यांची रास हा त्या साखळीचा शेवट आहे.

याने चित्राचा अर्थ बदलतो, आणि तो अवघड होतो. साखळीत बघितलं तर रास रचणारे ‘ते’ आहेत, आशियातले रानटी. चौकटीत बघितलं तर विजेते सगळेच आहेत, रशियाचे धरून. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या आहेत. नवशिक्याला यातली एक निवडावीशी वाटते. निवडू नका. चित्रातच हा ताण आहे, आणि तुमच्या लेखाचा कणा तोच असला पाहिजे.

दुसरा मराठी सापळा याच पायरीवर आहे. पानिपतानंतर छावणीत मुंडक्यांचे ढीग रचल्याची वर्णनं आपण लहानपणापासून वाचलेली असतात. त्यामुळे ही रास बघितली की मन लगेच अब्दालीकडे धावतं आणि ‘ते लोक असेच’ हे वाक्य तयार होतं. ते वाक्य तुम्हाला थेट ‘रानटी’ या शीर्षकाच्या बाजूला नेऊन उभं करतं. आठवण झाली तर अवश्य नोंदवा, आपली माणसं तिथे मेली आहेत, ती आठवण होणारच. फक्त पुढची पायरी केल्याशिवाय तिच्यावर निष्कर्ष रचू नका.

पायरी ७: त्याच हाताची दुसरी चित्रं शेजारी लावा

वेरेशचागिन दोनदा हिंदुस्थानात आला, १८७४ ते ७६ आणि पुन्हा १८८२-८३ मध्ये. १८८० च्या दशकात त्याने देहदंडाची तीन चित्रं केली: रोमन साम्राज्यात क्रुसावर चढवणं, ब्रिटिश हिंदुस्थानात तोफेच्या तोंडी देणं आणि रशियात झारविरोधी कटवाल्यांना फाशी. तीन साम्राज्यं, तीन पद्धती, त्यांत त्याचा स्वतःचा देशही.

तोफांचं चित्र मुद्दाम शोधा. मूळ चित्र आज कुठे आहे ते ठाऊक नाही, पण त्याच्या प्रतिमा सहज मिळतात. ते १८५७ च्या उठावाचं म्हणून ओळखलं जातं. तोफांना बांधलेली माणसं मात्र पांढऱ्या कपड्यांतली, दाढीवाली, फेटे बांधलेली आहेत, आणि सैनिकांचे गणवेश १८५७ नंतरचे आहेत. जानेवारी १८७२ मध्ये पंजाबात मलेरकोटला इथे कुका म्हणजे नामधारी शिखांना खटला न चालवता तोफांच्या तोंडी दिलं गेलं. चित्र त्या घटनेच्या जास्त जवळचं दिसतं. इथे मारणारे चेहऱ्यासकट हजर आहेत: सरळ रांग, नीटनेटके गणवेश, शिस्त. तिकडे रासेजवळ मारणारा नव्हता, इकडे तो कवायतीला उभा आहे. ‘ते लोक असेच’ हे वाक्य आता पुन्हा लिहून बघा.

याच्या अगदी उलट चित्र बघायला रशियाला जावं लागत नाही. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये वेरेशचागिनचं एक प्रचंड तैलचित्र आहे: १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सची जयपूरमधली हत्तींवरची मिरवणूक. झुली, हौदे, छत्र्या, झगमगाट. साम्राज्याच्या स्मारकात साम्राज्याच्या वैभवाचं चित्र म्हणून ते टांगलेलं आहे. पण इंग्रजांनी हिंदुस्थान कसा गिळला यावर एक मालिका करायची त्याची कल्पना होती, आणि ही मिरवणूक त्या विचारातूनच आलेली आहे. सुटी बघितली तर ती स्तुती वाटते, मालिकेत बघितली तर आरोप. चित्र कुठे टांगलं आहे यावर त्याची नीती किती अवलंबून असते हे कळायला ही भिंत पुरेशी आहे.

आता पहिल्या पायरीतल्या अधोरेखित नोंदीकडे या. कवट्या वेगवेगळ्या आहेत, पण त्यांना नावं नाहीत. वेढ्यात बरोबर लढलेल्या रशियनांचे चेहरे वेरेशचागिनला माहीत होते. समरकंदच्या बाजारात होरपळलेल्यांचे त्याच्या चित्रांत आहेत का? त्याने मध्य आशियातल्या लोकांची अनेक व्यक्तिचित्रं केली, बारकाईने आणि आस्थेने. पण रशियन फौजेने मारलेला माणूस मालिकेच्या केंद्रस्थानी क्वचितच येतो. या चित्राबद्दल मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, आणि तरीही मी ते मोठं चित्र मानतो.

पायरी ८: नीतीचे प्रश्न लेखी विचारा

हे चार प्रश्न कागदावर लिहा आणि प्रत्येकाखाली चित्रातला किंवा इतिहासातला पुरावा द्या. पुरावा नसेल तर जागा कोरी सोडा.

१. मेलेला कोण आहे, आणि त्याला चेहरा दिला आहे का?
२. मारणारा चित्रात आहे का? नसेल तर त्याचं नसणं हा आरोप आहे की सुटका?
३. चित्रासाठी पैसे, प्रवास आणि परवानगी कोणी दिली?
४. बघणाऱ्याला कुठे उभं केलं आहे?

चौथा प्रश्न सोपा वाटतो, पण त्यावर वेळ द्या. या चित्रात आपण राशीसमोर, जमिनीवर उभ्या माणसाच्या उंचीवरून बघतो. वरून नाही, लांबून नाही. त्या वाळवंटात दुसरं जिवंत माणूस नाही, म्हणजे तिथे पोचलेले आपणच. जिंकून आलेला सैनिक असाच उभा राहिला असता, आणि आपली माणसं शोधत आलेली बाईसुद्धा. तुम्ही कोणाच्या जागेवर उभे राहून बघितलंत ते लेखात सांगा.

‘एवढं भीषण दृश्य इतकं सुंदर रंगवणं योग्य आहे का?’ हा प्रश्न गटात नेहमी येतो. त्याला सरसकट उत्तर नाही. इथलं निळं आकाश सुंदर आहे, पण त्यामुळे रासेवरून नजर हटत नाही, उलट तिथेच खिळते. सौंदर्य नजर बांधून ठेवत असेल तर ते कामाला आलं, नजर पळवून नेत असेल तर ते चुकलं. माझा निकष एवढाच आहे.

पायरी ९: लिहायला बसा

पहिला परिच्छेद निव्वळ वर्णनाचा ठेवा, त्यात ‘प्रतीक’ हा शब्द येऊ देऊ नका. दुसऱ्यात चौकट आणि सन आणा. तिसऱ्यात चित्रकाराची जागा. नीतीचा निवाडा त्याच्यानंतर, आणि तो ‘मला’ म्हणून लिहा, ‘आपण सर्वांनी’ म्हणून नको. नमुन्यादाखल चार वाक्यं देतो:

‘रास रचणारे हात चित्रात दिसत नाहीत. मालिकेचं नाव ते हात आशियाई असल्याचं सुचवतं, चौकटीवरची ओळ मात्र कोणालाही वगळत नाही. चित्रकार स्वतः जिंकणाऱ्या फौजेबरोबर होता. त्यामुळे हे अर्पण मला त्याच्या स्वतःच्या सेनापतीलाही केलेलं वाटतं.’

शेवटचं वाक्य मत आहे आणि ते ‘मला वाटतं’ या रूपात आहे. आधीची तीन तपासता येतील अशी आहेत. हे प्रमाण सांभाळा.

लिहून झाल्यावर पुढच्या गोष्टी तपासा. वेरेशचागिनच्या नावावर फिरणारी, कुठून आली ते न सांगणारी सुविचारवजा वाक्यं काढून टाका. तैमूरने किती डोकी रचली याचे आकडे जुन्या बखरकारांचे असतात, ते मोजदाद म्हणून देऊ नका. आणि त्याच्या मृत्यूवर लेख संपवण्याचा मोह आवरा. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थरजवळ ‘पेत्रोपावलोव्स्क’ ही युद्धनौका सुरुंगावर आदळली, त्यात अॅडमिरल माकारोवबरोबर तोही गेला. घटना खरी आहे, पण ती चित्राचा अर्थ ठरवत नाही.

पुढचं चित्र कोणतं घ्यावं

या पायऱ्या हाताला बसल्या की गोयाचं ‘३ मे १८०८’ घ्या. ते १८१४ चं आहे आणि माद्रिदच्या प्रादोमध्ये आहे. तिथे दुसरा प्रश्न उलटा होतो: मारणारे फ्रेंच सैनिक चित्रात आहेत, पण पाठमोरे, आणि चेहरा मरणाऱ्याला दिला आहे. त्यानंतर ‘गेर्निका’. त्यात चौथ्या पायरीला जास्त वेळ ठेवा, कारण १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारच्या दालनासाठी ते मागवलेलं होतं, नंतर अनेक वर्षं ते न्यूयॉर्कला राहिलं आणि १९८१ मध्येच स्पेनला पोचलं. त्याची विणलेली प्रत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर होती, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये इराकवरच्या बैठकीच्या वेळी तिच्यावर निळा पडदा टाकला गेला. त्या पडद्यासाठी दोन रकान्यांचा नवा कागद घ्या.